भुयारातील आगगाडी

लंडन शहराच्या पोटातून १० जानेवारी १८६३ रोजी जगातील पहिली भुयारी प्रवासी आगगाडी धावू लागली. पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन हे अंतर जेमतेम सहा किलोमीटरांचे. पण आधी रस्ता उकरावा, खाली विटांची कमान बांधावी आणि वर पुन्हा रस्ता करावा, अशा रीतीने तो मार्ग बहुतांशी सिद्ध झाला. गाडी ओढीत असे वाफेचे इंजिन! भुयारात धूर कोंडे. तरीही पहिल्याच दिवशी तीस हजारांहून अधिक लोकांनी प्रवास केला.

या कामाचे श्रेय स्थापत्यविशारदांना मिळते आणि ते योग्यच आहे. तथापि त्याहून मोठा मान चार्ल्स पिअरसन यांना द्यावयास हवा. हे लंडनच्या नगरसंस्थेचे वकील. कामाच्या ठिकाणाजवळ राहणे भाग, म्हणून तेथील श्रमजीवी लोक कोंदट खोल्यांत दाटीवाटीने दिवस कंठीत. स्वस्त गाडी मिळाल्यास ते शहराबाहेर मोकळ्या हवेत राहू शकतील, हे पिअरसन वर्षानुवर्षे सांगत राहिले. मार्ग खुला होण्यापूर्वीच, १८६२ साली, ते निवर्तले.

खेदाची गोष्ट ही, की फॅरिंग्डनच्या बाजूस या मार्गासाठी जी घरे पाडली गेली, ती मुख्यतः गरिबांची होती. ज्यांच्यासाठी गाडी, त्यांचेच छप्पर गेले! तेव्हा भुयार किती खोल, इंजिन किती बलवान, हे मागाहून पाहावे. तिकिटाला किती पैसे पडतात, हे आधी विचारावे. १८६४ साली कंपनीने मजुरांसाठी पहाटे अल्प भाड्याच्या गाड्या सोडल्या, तेव्हा कोठे पिअरसन यांचे बोलणे खरे होऊ लागले.