डिस्चार्ज बुकातील रिकामी ओळ कोण भरणार?



दरवर्षी १ जानेवारीला आपण लाखोंच्या संख्येने भीमा कोरेगावला जातो. त्या स्तंभासमोर उभे राहून आपण काय वाचतो? नावे वाचतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे दगडात कोरली गेली. त्यातील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. म्हणूनच ते आपले पूर्वज होते हे आज कोणालाही खोडून काढता येत नाही. आपल्या माणसांनी त्याआधीही पराक्रम केला असेल आणि त्यानंतरही केला असेल. पण जिथे नोंद झाली तिथेच इतिहास उरला. जिथे नोंद झाली नाही तिथे 'दंतकथा' म्हणून हिणवायला प्रस्थापित मोकळे झाले.

हे ज्यांना मान्य आहे त्यांना आमचा साधा प्रश्न आहे. आपल्याच वस्तीत राहणाऱ्या माजी सैनिकाचे डिस्चार्ज बुक आपण कधी उघडून पाहिले आहे का?

राजगड आणि तोरण्याच्या पायथ्याच्या भागात, विंझर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर काम करताना हा प्रश्न आमच्यासमोर आला. गडावर जाणारे पर्यटक नसरापूरवरून याच रस्त्याने जातात, पण रस्त्याकडेच्या बुद्धवस्तीत कोण राहते याच्याशी त्यांचा संबंध नसतो. इथल्या एका निवृत्त सैनिक आजोबांचे कागद आम्ही पाहिले. त्यांचे नाव, पलटण आणि कार्यालय आम्ही लिहीत नाही, कारण मुद्दा एका माणसाचा किंवा एका कार्यालयाचा नाही. भरती १९६३, निवृत्ती १९७८. पंधरा वर्षांची सेवा, चारित्र्याचा शेरा चांगला. पदकांच्या रकान्यात मात्र एकच नोंद आहे, रक्षा पदक १९६५. त्याखालची जागा कोरी.

आता थोडा हिशेब करू. १९७१ च्या युद्धकाळात सेवेत असलेल्या सैनिकांसाठी संग्राम पदक आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांसाठी स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाचे पदक आहे. नऊ वर्षे चांगल्या वर्तनाने सेवा केलेल्यासाठी दीर्घसेवा पदक आहे. १९६३ ते १९७८ या तारखा त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर लष्करानेच लिहिलेल्या आहेत. म्हणजे किमान तीन पदके सरकारने स्वतःच्या नियमाने द्यायची होती आणि त्यांची नोंद स्वतःच करायची होती. पुरावा सरकारच्याच हस्ताक्षरात आहे, आणि चूकही त्याच पुस्तकात आहे.

अशी चूक होते कशी? सैनिकाला पदक मंजूर झाले की त्याची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये निघते आणि मग ती त्याच्या सेवापत्रकात चढते. जवान एका युनिटमधून दुसऱ्यात गेला, रुग्णालयात राहिला, युद्धानंतर पलटण हलली, की ही साखळी मध्येच तुटते. पदके तयार होऊन येईपर्यंत अनेक जवान निवृत्त होऊन गावी पोचलेले असतात. पुढचा पत्रव्यवहार इंग्रजीत. ज्या माणसाने आयुष्यभर 'हुकूम' ऐकला, त्याला कार्यालयाला उलटा प्रश्न विचारायचा असतो हे कोणी शिकवलेलेच नसते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नोंद राहून जाणे हे केवळ आपल्याच लोकांच्या वाट्याला आले असे नाही. मराठा, धनगर, रामोशी, मुसलमान, सगळ्या घरांत अशी पुस्तके सापडतील. प्रत्येक कोऱ्या ओळीमागे जातीयवादी कारकून बसला होता असे म्हणणे खोटे ठरेल आणि खोट्यावर चळवळ उभी राहत नाही. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: चूक सगळ्यांची झाली, पण दुरुस्ती कोणाची झाली? ज्याच्या घरात कोणी वकील आहे, कोणी अधिकारी आहे, ज्याचा भाचा मंत्रालयात आहे, त्याचा कागद हलतो. ज्याच्या घरात पहिली पिढी आत्ता कुठे पदवीपर्यंत पोचली, त्याचा कागद ट्रंकेत राहतो. चूक करताना व्यवस्था जात बघत नसेलही, दुरुस्तीची वेळ आली की मात्र ती माणसाची ऐपत बघते. आणि या देशात ऐपत जातीनेच वाटली गेली आहे.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, तिची चर्चा कुठेच होत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर अनेक घरांनी धर्म बदलला, काहींनी आडनावे बदलली. लष्करी कागदावर मात्र भरतीच्या दिवशी कारकुनाने जे लिहिले तेच राहिले. तिथे वडिलांचे नाव जुन्या उच्चारात, आडनावाच्या जागी गाव, धर्माच्या रकान्यात 'हिंदू महार'. आधारवर एक नाव, सात-बारावर दुसरे, पेन्शनच्या कागदावर तिसरे. आता निवृत्तिवेतन 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेल्यापासून एका अक्षराचा फरकही जड जातो. पदकासाठी अर्ज करायला गेलेला माणूस नावाच्या फरकावरच परत फिरतो. ज्या धर्मांतराने आपल्याला माणूस म्हणून नवी ओळख दिली, ती ओळख या कागदांपर्यंत अजून पोचलेलीच नाही.

काही कार्यकर्ते विचारतात, "या पदकांना पैसे मिळतात का? नाही ना? मग एवढा खटाटोप कशाला?" हे खरे आहे की परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र अशा शौर्यपदकांना मासिक भत्ता आहे. वीर चक्राचा भत्ता २०१७ पासून ७,००० रुपये आहे. संग्राम पदकासारख्या सेवापदकांना असा भत्ता नाही. पण कोरेगावच्या स्तंभावरील २२ नावांना तरी कोणता भत्ता मिळतो? त्या नावांच्या आधारावरच आपल्या पूर्वजांनी पुढचे हक्क मागितले. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. 'लढाऊ जाती' नावाचे खूळ पुढे करून, ज्यांनी लढून दाखवले होते त्यांनाच बिनलढाऊ ठरवले गेले. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. त्यांच्यानंतर इथून जवळच, सासवड-पुरंदरच्या भागात, शिवराम जानबा कांबळे यांनी सभा भरवल्या आणि १९१० साली थेट भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज पोचवला. या अर्जांचा पाया होता आपल्या माणसांनी बजावलेली लष्करी सेवा. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच ती मोडली. १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ही सगळी लढाई नोंदीच्या जोरावर लढली गेली आहे.

दुसरा आक्षेप आपल्यातल्याच काही अभ्यासू मित्रांचा असतो. बुद्धाच्या अनुयायांनी युद्धाच्या पदकांचे कौतुक का करावे? मित्रांनो, इथे युद्धाचे कौतुक कोणी करत नाही. एका गरीब माणसाने तरुणपणाची पंधरा वर्षे राष्ट्राला दिली, त्याची पोच त्या राष्ट्राने द्यावी एवढीच मागणी आहे. खरे बोलणे ही पंचशीलातीलच शिकवण आहे. सरकारी कागद खोटा असेल तर तो खरा करणे धम्माच्या विरोधात कसे जाईल?

जगाकडे पाहिले तरी हेच दिसते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात लाखो काळे सैनिक लढले, पण 'मेडल ऑफ ऑनर' हा सर्वोच्च सन्मान त्यांच्यापैकी एकालाही तेव्हा मिळाला नाही. पन्नास वर्षांनी लष्करानेच अभ्यासगट नेमून जुनी कागदपत्रे तपासायला लावली आणि १३ जानेवारी १९९७ रोजी सात जणांना ते पदक दिले गेले. सातांपैकी फक्त व्हर्नन बेकर जिवंत होते. ब्रिटिशांच्या युद्धस्मारक आयोगाने २०२१ साली स्वतःच्या अहवालात मान्य केले की पहिल्या महायुद्धात पडलेल्या भारतीय आणि आफ्रिकी सैनिकांपैकी अंदाजे ४५,००० ते ५४,००० जणांचे स्मरण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने केले गेले नाही. त्यावर ब्रिटिश सरकारने संसदेत माफी मागितली. या दोन्ही ठिकाणी शोध घेण्याचे काम संस्थेने अंगावर घेतले. आपल्याकडे मात्र ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यानेच सिद्ध करायचे की तो तिथे होता.

म्हणून आमची पहिली मागणी सरकारकडे आहे. ज्यांच्या सेवेच्या तारखांवरूनच पदकाचा हक्क ठरतो, त्यांची नोंद रेकॉर्ड ऑफिसांनी स्वतःहून तपासावी. संगणकात तारखा आहेत, नियम छापलेले आहेत. अर्जाची वाट का पाहायची? दुसरी मागणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे. पुणे विंझरपासून पन्नासएक किलोमीटर आहे, गुडघे गेलेल्या माणसाला ते परदेशाइतके लांब पडते. शिबिर गावात घ्या आणि मराठीत घ्या.

तिसरी मागणी तुमच्याकडे आहे, आंबेडकरी तरुणांनो. सरकार जागे होईपर्यंत काम थांबवता येणार नाही. काय करायचे ते नीट समजून घ्या.

डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स काढा. आर्मी नंबर, हुद्दा, भरती-निवृत्तीच्या तारखा लिहून घ्या आणि कोणती पदके तारखेनुसार मिळायला हवीत याची यादी करा. संबंधित रेकॉर्ड ऑफिसला माजी सैनिकाच्या सहीने अर्ज पाठवा, एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्या. अर्ज स्पीड पोस्टानेच जाऊ द्या आणि पावती जपून ठेवा. सोबत माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपये भरून स्वतःच्या सेवापत्रकाची साक्षांकित प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. नावात फरक असेल तर आधी प्रतिज्ञापत्र करून नावाची दुरुस्ती मागा, नाहीतर सगळे तिथेच अडेल. लेखी नकार आला तर वरिष्ठांकडे दाद मागता येते आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. तिथे अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते. उशिराचे सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबून राहू नका.

एक फरक पक्का लक्षात ठेवा. पदक नियमाने देय आहे पण नोंद नाही, ही दुरुस्तीची बाब आहे. 'माझ्या शौर्याला पदक मिळायला हवे होते' ही दुरुस्ती नव्हे, तो वेगळा आणि फार अवघड दावा आहे. दोन्ही एका अर्जात मिसळले की पहिलाही बुडतो. तसेच पश्चिमी स्टार, पूर्वी स्टार किंवा १९६५ चा समर सेवा स्टार यांसाठी सैनिक ठरावीक युद्धक्षेत्रात होता हे दाखवावे लागते. तिथे युनिटची नोंद, जुनी पत्रे, जिवंत असलेल्या साथीदाराचे प्रतिज्ञापत्र उपयोगी पडते. जे नाही ते मागू नका, जे आहे ते सोडू नका.

आणि घाई करा. ज्या सैनिकांना पेन्शन लागू झाली नाही, त्यांची सेवाकागदपत्रे साधारण २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे. मग मागे उरते ती फक्त नोंदवहीतील जुजबी ओळ. पेन्शनरांचे कागद जास्त काळ ठेवले जातात, पण माणसे तेवढी थांबत नाहीत. शिवाय पदकाच्या निमित्ताने फाइल उघडली की इतर चुकाही सापडतात. पत्नीचे नाव चुकलेले, जन्मतारीख चुकलेली. या चुका आज दुरुस्त झाल्या नाहीत तर उद्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्या आजीला खेटे घालावे लागतील. हा केवळ अस्मितेचा प्रश्न आहे असे म्हणणाऱ्यांनी त्या आजीच्या चुलीचाही विचार करावा.

१४ एप्रिलला आपण मंडप घालतो, डीजे लावतो, बॅनरवर शूरवीरांची चित्रे छापतो. या वर्षी त्याच मंडपात एक टेबल आणि दोन खुर्च्या ठेवा. इंग्रजी वाचता येणारी दोन मुले-मुली तिथे बसवा. वस्तीतील, आणि वस्तीबाहेरच्याही, सगळ्या जातीधर्माच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना निरोप द्या की पुस्तक घेऊन या. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्याचा कागद वाचून दाखवणे, ही त्या शिक्षणाची पहिली परतफेड आहे.

जय भीम! जय संविधान!