अंधारात, एका हातानं

घरात लहान मूल असलं की आईबापांचं वाचन बंद पडतं आणि कारण विचारलं तर सगळे ‘वेळ कुठाय?’ म्हणतात. वेळ असतो, पण तुकड्यातुकड्यांनी मिळतो आणि बहुतेक अंधारात मिळतो. लेकीला झोपवताना तिचं डोकं माझ्या डाव्या दंडावर असतं. दिवा बंद. ती हळूहळू सैलावते, पण हात काढून घ्यायला गेलं की लगेच चुळबुळ सुरू. हा अर्धा-पाऊण तास माझा असतो, पण कागदी पुस्तक त्यात बसत नाही. जाडजूड कादंबरी एका हातात उघडी धरली तरी पान उलटायला दुसरा हात लागतोच. मोबाइलवर वाचायला घ्यावं तर दोन परिच्छेदांत पाळणाघराचा ग्रुप, ऑफिसचा मेल आणि विजेचं बिल हजर.

ई-रीडर मी या वेळेसाठी घेतला आणि आता तान्ह्या मुलांच्या आईबापांना तो आग्रहानं सुचवते. २०२२ साली आलेल्या साध्या किंडलचं वजन १५८ ग्रॅम आहे. चार बोटांवर तो सहज तोलला जातो आणि पान उलटायला अंगठा पुरतो. त्याचा पडदा मोबाइलसारखा नसतो. आत केसाच्या जाडीइतक्या सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. विजेच्या झटक्यानं हवे ते कण वर येतात, अक्षर उमटतं आणि मग वीज नसली तरी ते तसंच राहतं. म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे बघावं लागत नाही. उजेडाचे छोटे दिवे कडेला असतात आणि त्यांचा प्रकाश पानावर पसरतो. तो अगदी मंद ठेवला की शेजारी झोपलेलं पोर हलतसुद्धा नाही. वाक्याच्या मध्यात उठावं लागलं तरी परत आल्यावर तेच पान समोर असतं.

असं तुकड्यांत वाचून कादंबरीची गोडी राहते का, असं मला विचारतात. राहते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यांच्या कादंबऱ्या त्या साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं आल्या. त्या वाचकांना पुढच्या प्रकरणासाठी आठवडाभर थांबावं लागे, मला उद्या रात्रीपर्यंत. उलट दिवसभर भाजी चिरताना, लोकलमध्ये उभं असताना ती पात्रं डोक्यात घोळत राहतात.

दिवसा मात्र मी मुद्दाम कागदी पुस्तक हातात धरते. यंत्राकडे पाहून आई गोष्ट वाचतेय की ऑफिसचं काम करतेय, हे दोन-अडीच वर्षांच्या मुलीला कसं कळणार? पुस्तक दिसलं की ती ओढते, उलटं धरते, ‘मी वाचते’ म्हणते. ते तिला दिसायलाच हवं.

माझी खरी कळकळ मराठी पुस्तकांसाठी आहे. दिवसभर ऑफिसात इंग्रजी झाल्यावर रात्री आपल्या भाषेतलं वाचावंसं वाटतं, आणि रात्री वाचलेले शब्द दुसऱ्या दिवशी लेकीशी बोलताना आपसूक तोंडात येतात. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली, तरी हवं ते पुस्तक शोधावं आणि सापडू नये, हे आजही वारंवार होतं. कुठे मिळालंच तर पीडीएफ. पीडीएफचं पान गोठलेलं असतं. सहा इंची पडद्यावर अक्षर इतकं बारीक होतं की मोठं करून डावीकडून उजवीकडे सरकवत बसावं लागतं. म्हणजे पुन्हा दोन हात आले.

प्रकाशकांची अडचण मला समजते. जुनी पुस्तकं युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये जुळवलेली आहेत. ती बदलताना रफार भलत्या अक्षरावर जातो, जोडाक्षरं फुटतात आणि सगळं पुस्तक कुणीतरी नव्यानं तपासावं लागतं. फाइल फुकट फिरेल ही भीतीही खोटी नाही. पण मराठी विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयात स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांसाठी स्वयंसेवक हेच तपासणीचं काम पानापानानं, पैसे न घेता करत आहेत. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं त्यांचं लेखन आता मोकळं आहे. विकिस्रोतावरचं पुस्तक ई-पब स्वरूपात उतरवून घेतलं की अक्षर हवं तेवढं मोठं करून वाचता येतं.

नव्या पुस्तकांना तर जुन्या फॉण्टची अडचणही नाही. त्यांची ई-आवृत्ती कागदी आवृत्तीबरोबरच, त्याच दिवशी निघायला हवी आणि ती पीडीएफ नको, अक्षर लहानमोठं करता येईल अशी हवी. तिच्यासाठी कागदी पुस्तकाइतकी किंमत मोजायला मी तयार आहे. माझ्या ओळखीतले कितीतरी आईबापही तयार आहेत.