विषाणू दबला, आता रक्तवाहिन्या सांभाळा

प्रतापनगरमधल्या ज्या मावश्या, काकू, वहिनी वर्षानुवर्षं न चुकता एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या घेत आल्या आहेत, त्यांना हे कळकळीचं आवाहन. सरकारी केंद्रांत ही औषधं १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. तेव्हा तिशीत असलेल्या बायका आज पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. एवढं आयुष्य जिद्दीने मिळवलं आहे, ते हार्ट अटॅक किंवा लकव्याने हिरावून घेऊ नये.

व्हायरल लोड दिसेनासा झाला तरी शरीरात आतल्या आत बारीक दाह चालूच राहतो. त्याने रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं, तिथे चरबी साचते, वाहिन्या ताठर होतात. पाळी गेली की इस्ट्रोजेनचा आधारही सुटतो. म्हणूनच एचआयव्हीसह जगणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. तंबाखूची मिश्री किंवा बजर लावत असाल तर तो आणखी वाढतो. ती सवय आजच सोडा.

हृदयविकाराच्या या धोक्यावर औषध आहे. भारतासह १२ देशांत एचआयव्हीसह जगणाऱ्या ७,७६९ जणांवर झालेल्या ‘रिप्रीव्ह’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सगळे ४० ते ७५ वयाचे, त्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा बायकांचा. रोज पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधाची गोळी घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, लकवा यांसारखे मोठे आघात ३५ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा सयाजीराव रुग्णालयात किंवा तुम्ही जाता त्या एआरटी केंद्रात पुढच्या खेपेला स्वतःहून सांगा, ‘माझं बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघा. मला स्टॅटिन लागेल का?’ संकोच करू नका. मात्र दुकानातून परस्पर गोळी आणू नका. एआरटीत रिटोनाव्हिर चालू असताना सिमव्हास्टॅटिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं. दुसरा कोणताही डॉक्टर औषध देत असेल तर त्याला एआरटी चालू असल्याचं सांगा. तुमची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. आणि एआरटी एक दिवसही चुकवू नका.

मुलांनो, सुनांनो, तुम्हीही ऐका. बायकांना छातीत जोराची कळ येतेच असं नाही. अचानक दम लागणं, दरदरून घाम, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळणं, तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत सोडा पाजत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.