शांततेचा बाँड आणि शांततेचं बक्षीस



पेरणीचे दिवस आले की आपल्या पाड्यांवर चॅप्टर केसच्या नोटिसा येतात. तुमच्यापासून शांततेला धोका आहे, बाँड लिहून द्या, जामीनदार आणा. आपण केलेलं काय असतं? बापजाद्यांपासून कसत आलेल्या प्लॉटवर नांगर धरलेला असतो. नांगर धरला की शांतता मोडते, मग ही शांतता आहे तरी कोणाची, असं बैठकीत बाया दर वेळी विचारतात. त्यावर बोलायचं तर रिगोबेर्ता मेंचू या बाईची माहिती आपल्याला पाहिजे. ती आदिवासी आहे, आणि १९९२ साली तिला शांततेचं नोबेल बक्षीस मिळालं. तेव्हा तिचं वय होतं ३३.

तिचा देश ग्वाटेमाला, मेक्सिकोला लागून. तिथले निम्म्याच्या आसपास लोक माया आदिवासी, त्यांच्या वीसच्या वर भाषा. चांगली सपाट जमीन मूठभर मळेवाल्यांकडे. डोंगरातले आदिवासी वर्षातले काही महिने पोरंबाळं घेऊन खाली कॉफीच्या नि कापसाच्या मळ्यांवर मजुरीला उतरायचे. वीटभट्टीवर जाणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजवायला नको. १९५२ मध्ये तिथल्या सरकारने कायदा केला, की मोठ्या मळ्यांची पडीक जमीन भूमिहीनांना वाटायची. त्यात एका अमेरिकन केळी कंपनीची जमीन पण गेली. दोन वर्षांत अमेरिकेच्या मदतीने ते सरकार पाडलं आणि वाटलेली जमीन परत काढून घेतली. पुढे ३६ वर्षं यादवी चालली, तिचं मूळ इथं आहे.

रिगोबेर्ताचा बाप विसेंते गावाच्या जमिनीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायचा. जेलातही गेला. १९७९ मध्ये लष्कराने तिच्या भावाला मारलं. लष्कर गावातली माणसं उचलून नेतंय हे जगाला कळावं म्हणून ३१ जानेवारी १९८० ला शेतकरी, विद्यार्थी मिळून राजधानीतल्या स्पेनच्या वकिलातीत जाऊन बसले. विसेंते त्यांच्यात होता. पोलिसांनी इमारतीला वेढा घातला, आत घुसले, आग लागली. ३७ माणसं जळून मेली. त्याच वर्षी तिच्या आईला उचललं, हाल करून मारलं. रिगोबेर्ता मेक्सिकोत पळाली. तिथून देशोदेशी फिरून बोलत राहिली. १९८८ ला परत आली तर उतरल्या उतरल्या अटक.

म्हणजे बघा, जिला तिच्या सरकारने शांततेला धोका म्हणून धरलं, तिलाच चार वर्षांनी शांततेचं बक्षीस. आम्हाला वाटतं, मोठ्या माणसांच्या शांततेपेक्षा ही शांतता वेगळी आहे. परिषदेत हात मिळवून फोटो काढणारे पुष्कळ असतात, आणि बक्षीस त्यांनाही मिळतं. रिगोबेर्ताचं म्हणणं सुरुवातीपासून एकच: जमीन आणि मान नसेल तर बंदुका थांबल्या तरी ती शांतता नाही.

आता एक गोष्ट लपवायची नाही, कारण कोणीतरी ती आपल्या तोंडावर फेकणारच. तिने सांगितलेल्या हकिकतीचं पुस्तक १९८३ ला निघालं. पुढे एका अमेरिकन अभ्यासकाने लिहिलं, की त्यातल्या काही गोष्टी तशा घडल्या नाहीत. भाऊ मारला गेला, पण सांगितला तसा नाही. बापाचं जमिनीचं मोठं भांडण मळेवाल्यांशी नव्हतं, सासरच्या भाऊबंदांशी होतं. तिचं उत्तर, की ही माझ्या एकटीची नाही, माझ्या लोकांची साक्ष आहे. नोबेलवाल्यांनी बक्षीस मागे घेतलं नाही.

आमच्यात यावर वाद झाला. काही साथी म्हणाले, हे सगळं बदनामीसाठी. आमचं मत तसं नाही. भाऊबंदकी आपल्याकडेही आहे. बांधावरून आपण एकमेकांची डोकी फोडतो आणि गार्ड लांबून मजा बघतो. ते कबूल केल्याने गार्ड सज्जन होत नाही. पण साक्ष देताना पावती असेल तेवढंच बोलावं. दंडाची पावती असेल तर ती दाखवावी, नसेल तर म्हाताऱ्यांचा जबाब जसाच्या तसा लिहावा. एक वाक्य फुगवलं की खरी शंभर वाक्यं खोटी ठरवायला लोक टपलेले असतात.

आणि तिच्या मुख्य बोलण्याला पुरावा मिळाला तो पुस्तकाबाहेर. डिसेंबर १९९६ मध्ये तिथे तह झाला. मग चौकशी आयोग बसला, त्याचा अहवाल फेब्रुवारी १९९९ मध्ये आला. दोन लाखांच्या वर माणसं मेली किंवा गायब झाली. ओळख पटलेल्यांपैकी शंभरातले ८३ माया आदिवासी. शंभरातले ९३ अत्याचार लष्कराने आणि त्याच्या साथीदारांनी केलेले. पण तीन महिन्यांनी आदिवासींच्या हक्कांसाठी घटना बदलायला मतदान घेतलं, तर प्रस्ताव पडला. फार थोडे लोक मतदानाला गेले होते. जमीन अजून मळेवाल्यांकडेच आहे.

बक्षिसाच्या पैशातून तिने संस्था काढली, बापाचं नाव दिलं. आणि डिसेंबर १९९९ मध्ये स्पेनच्या कोर्टात जाऊन तिने ग्वाटेमालाच्या लष्करशहांवर वंशसंहाराची तक्रार दाखल केली. वकिलातीची आग त्यात होती. आरोपींत जनरल रिओस माँट होता, १९८२ मध्ये सत्ता बळकावून गावंच्या गावं जाळणारा. जानेवारी २००० मध्ये तो तिथल्या संसदेचा अध्यक्ष झाला. तरी तक्रार तिने मागे घेतली नाही.