आधी काय सोडायचं ते ठरवा

अनुवादावरच्या चर्चासत्रात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: ‘कितीही केलं तरी मुळाची सर अनुवादाला येत नाही.’ दिल्लीत हे वाक्य मी हिंदीतून, इंग्रजीतून आणि अर्थातच मराठीतून इतक्यांदा ऐकलं आहे, की ते बोलताना वक्त्याच्या चेहऱ्यावर येणारं विनम्र हसूही आता ओळखीचं झालं आहे. हे वाक्य खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. ते निरुपयोगी आहे. त्यातून अनुवाद कसा करावा हे कळत नाही, चांगला कोणता आणि वाईट कोणता हेही कळत नाही. अनुवादकाला पैसे किती द्यावेत एवढं मात्र त्यातून बरोबर कळतं: कमी.

मी गाझियाबादला राहते आणि हिंदीतून मराठीत अनुवाद करते. या कामाबद्दल मला जे थोडंफार उमगलं आहे, त्यातलं बरंचसं अनुवादमीमांसेच्या पुस्तकांतून आलेलं नाही. ते आलं आहे गाड्यांच्या शर्यतीच्या जुन्या व्हिडिओ गेममधून. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग पुढे वाचा.

1986 साली जपानच्या सेगा कंपनीनं ‘आउट रन’ नावाचा गेम आणला. तो यू सुझुकी यांनी रचला होता. टपाशिवायची लाल गाडी, शेजारी बसलेली मैत्रीण, समुद्रकिनारा आणि पुढे पुढे फाटे फुटत जाणारा रस्ता. हा गेम पार्लरमधल्या मोठ्या यंत्रावर चालायचा. त्याच्या महागड्या नमुन्यात वळणाबरोबर अख्खी बैठक कलायची, स्टिअरिंगला हादरे बसायचे. आत दोन ताकदवान प्रोसेसर होते आणि चित्रं झपाट्यानं लहानमोठी करण्यासाठी खास वेगळी जोडणी होती. झाड दुरून ठिपक्यासारखं यायचं आणि अंगावर येऊन निघून जायचं, ते त्या जोडणीमुळे.

पुढच्याच वर्षी हा गेम घरगुती कॉम्प्युटरवर आला. त्यांतला एक म्हणजे इंग्लंडचा झेडएक्स स्पेक्ट्रम. त्याचा परवाना घेऊन पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं ‘डीबी स्पेक्ट्रम’ काढला होता, म्हणून मराठी माणसाला तो अगदीच परका नाही. त्याची स्मृती 48 किलोबाइटांची. पडद्यावर 256 गुणिले 192 ठिपके, आणि आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत फक्त दोनच रंग. या यंत्रात ‘आउट रन’ बसवायचा होता. झाडं आली, फाटे आले, मैत्रीणही आली. वेग तेवढा आला नाही. रस्ता अडखळत सरकायचा. मुळातलं संगीत यंत्राला झेपणारं नव्हतं, म्हणून खोक्यात गाण्यांची वेगळी कॅसेट दिली होती. शेजारी टेपरेकॉर्डर लावा आणि गाडी पळते आहे असं माना!

आपल्याकडचे कितीतरी ‘प्रामाणिक’ अनुवाद मला या खोक्यासारखे वाटतात. मुळातलं एकूण एक विशेषण हजर, म्हण हजर, सणवार हजर. वाक्य मात्र चालत नाही, आणि जे आत मावलं नाही ते तळटिपांच्या कॅसेटमध्ये भरून दिलेलं असतं.

आता दुसरं उदाहरण. 1988 साली टायटो कंपनीचा ‘चेस एचक्यू’ पार्लरमध्ये आला: पोलिसांची गाडी पळणाऱ्या गुन्हेगाराच्या गाडीला गाठते आणि धडका देऊन थांबवते. 1989 मध्ये ओशन कंपनीनं तो त्याच स्पेक्ट्रमवर उतरवला. प्रोग्रॅम जॉन ओ’ब्रायन यांचा, चित्रं बिल हार्बिसन यांची. या जोडीनं रंगांवर जवळजवळ पाणी सोडलं. रस्ता, गाडी, डोंगर सगळं एका रंगाच्या पार्श्वभूमीवर काळ्या रेघांत. त्या बदल्यात चढउतार ठेवले, बोगदा ठेवला, समोरची गाडी अंगावर येईल एवढी मोठी ठेवली आणि मुख्य म्हणजे वेग ठेवला. त्या यंत्रावरचं सर्वोत्तम रूपांतर कोणतं, असा विषय निघाला की आजही जाणकार हे नाव पहिल्या काहींत घेतात. यंत्र तेच, किलोबाइट तेवढेच. या जोडीनं काय सोडायचं हे आधी ठरवलं, एवढाच फरक.

माझ्या मते अनुवादाचा पहिला प्रश्न हाच आहे. ‘काय राखायचं’ हा प्रश्न सभ्य वाटतो, पण त्याचं उत्तर प्रत्येक जण ‘सगळं’ असं देतो आणि काम तिथेच बिघडतं. काय सोडायचं हे ठरवायचं तर मूळ कृती कशावर उभी आहे हे कळावं लागतं. ‘चेस एचक्यू’ पाठलागावर उभा आहे, रंगांवर नाही, हे ज्याला दिसलं त्यालाच रंग सोडण्याचा अधिकार मिळाला. सोडणं ही वाचनाची सर्वांत कठीण परीक्षा आहे.

एक आक्षेप इथे येणारच. आज त्या खटाटोपाची गरज काय? पार्लरमधला मूळ ‘आउट रन’ साध्या लॅपटॉपवर जसाच्या तसा चालतो. एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करतो आणि मूळ गेमला आपण घरीच आहोत असं वाटत राहतं. मग अनुवादातही तसंच का होऊ नये? यंत्र-अनुवाद रोज सुधारतो आहे; उद्या सगळं जसंच्या तसं मिळेल.

मिळणार नाही, आणि त्याचं कारण भावनिक नाही. एम्युलेटर चालतो, कारण आजचं यंत्र जुन्या यंत्राहून इतकं मोठं आहे की जुनं त्याच्या पोटात अख्खं मावतं. भाषांचं असं नसतं. कोणतीही भाषा दुसरीला पोटात घेण्याएवढी मोठी नाही. हिंदी बोलणारे मराठीच्या कितीतरी पट आहेत, तरी मराठी हिंदीत मावत नाही आणि हिंदीही मराठीत मावत नाही. हिंदीतली बाई नवऱ्याला विचारते, ‘अब हम कहाँ जाएँगे?’ मराठीत ‘आम्ही कुठे जाणार’ लिहिलं तर नवरा घराबाहेर राहिला. ‘आपण’ लिहिलं तर तो सोबत आला. हिंदीला ही निवड करावी लागत नाही, मराठीला टाळता येत नाही. कधी कधी कथेचा सगळा पेच त्या नवऱ्याला सोबत धरलं आहे की नाही यावरच असतो, आणि लेखकानं ते मुद्दाम झाकून ठेवलेलं असतं. तिथे अनुवादकाला काहीतरी सोडावंच लागतं. उलट मराठीतलं ‘पोरगं’ हिंदीत नेऊन पाहा. नपुंसकलिंगाची ती माया तिथे ठेवायला जागाच नाही. या अर्थानं अनुवादक कायम 1987 मध्येच राहतो. त्याच्यापुढचं यंत्र वेगळं असतं आणि वेगळंच राहणार असतं.

वेगळं म्हणजे कमी नव्हे. माझ्या पिढीतल्या उत्तर भारतातल्या पोरांनी जो गाडीचा गेम खेळला तो ‘रोड फायटर’. कोनामीचा हा गेम 1984 मध्ये पार्लरसाठी आला आणि 1985 मध्ये घरगुती यंत्रांवर उतरला. त्यांतलं एक निन्टेन्डोचं. त्याचं जपानी नावच ‘फॅमिली कॉम्प्युटर’ होतं. आमच्यापर्यंत आल्या त्या त्याच्या बेनामी नकला. त्यांतल्या काहींना कीबोर्ड जोडलेला असायचा, म्हणजे आईवडिलांना ‘कॉम्प्युटर घेतला’ असं सांगता यायचं. नव्वदच्या दशकात गाझियाबादहून लोकलनं दिल्लीला जाऊन पालिका बाजारातून अशा कॅसेट आणल्या जात. वर ‘9999 इन 1’ लिहिलेलं, आत मोजून वीसेक गेम आणि तेच वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा. प्रातिनिधिक कथासंग्रहांशी असलेलं हे साम्य वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

‘रोड फायटर’मध्ये रस्ता वरून दिसतो आणि सरळ खाली धावतो. चाळीस किलोबाइटांच्या आतला हा गेम. पण पडदा न अडखळता सरकवण्याची सोय त्या स्वस्त यंत्राच्या रचनेतच होती, आणि त्याहून महाग असलेल्या कितीतरी कॉम्प्युटरांत ती नव्हती. गेमनं नेमका त्याचाच फायदा घेतला. इथे मोजून दिलेले तीन जीव नसतात, पेट्रोल असतं. धडकलात की पेट्रोल कमी होतं, रंगीत गाडी गाठलीत की वाढतं. ज्याच्या शहरात वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, त्याला पेट्रोल संपत आल्याची धाकधूक समजावून सांगावी लागली नाही. आम्ही मूळ यंत्र पाहिलंही नव्हतं. आम्हाला जे मिळालं ते पुरेपूर होतं, आणि ‘मुळाची सर’ काढायला तिथे कोणी नव्हतं.

मराठीला हे सगळं नवं नाही. 1883 साली आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं. 1890 च्या सुमाराला देवलांनी ‘ऑथेल्लो’चं ‘झुंझारराव’ केलं. दोन्ही रंगभूमीवर गाजली. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ लिहिताना लंडन सोडलं, बोलीवरून माणसाची लायकी ठरवणारा समाज मात्र सोडला नाही. आपल्याकडे ‘रूपांतर’ हा जुना आणि मानाचा शब्द आहे. तो नाटकवाल्यांकडे राहिला, आणि कथा-कादंबरीच्या अनुवादाला आपण ‘निष्ठा’ नावाच्या तराजूत बसवून ठेवलं.

रूपांतर म्हणजे मोकाट सुटण्याचा परवाना, असं मात्र कोणी समजू नये. वेगही गेला आणि रंगही गेले, अशी रूपांतरं त्या कॉम्प्युटरांवर ढिगानं झाली. मराठीतही होतात. परभाषेतली कादंबरी घ्यायची, अवघड प्रकरणं गाळायची आणि वर ‘स्वैर अनुवाद’ छापायचं. सोडलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल ‘का’ विचारलं तर अनुवादकाकडे उत्तर हवं.

माझ्यापुरतं सांगते. मेरठ-गाझियाबाद पट्ट्यातली खडी बोली मराठीत आणताना मी ती वऱ्हाडीत किंवा मालवणीत घालत नाही. मेरठचा शेतकरी अकोल्याचा होऊ शकत नाही. मी त्या बोलीचा रंग सोडते आणि तिचा रोखठोकपणा धरते: वाक्य आखूड, क्रियापद लवकर, आर्जव नाही. एका संपादकांनी असा मजकूर ‘बोलीचा गंध नाही’ म्हणून परत पाठवला. गंध नाही हे खरंच आहे. तो सोडला आहे. त्यांनी ‘का सोडला’ असं विचारलं असतं, तर आमच्यात निदान भांडण तरी झालं असतं.

आता खरी कळ. अलीकडे एका प्रकाशकाकडून मला यंत्रानं केलेला तीनशे पानांचा मराठी मजकूर आला. काम सांगितलं होतं: ‘फक्त हात फिरवा.’ दर अनुवादाच्या निम्म्याहून कमी. त्यात प्रत्येक ‘हम’ इमानेइतबारे ‘आम्ही’ झाला होता. एक कुटुंब घर सोडून निघतं ते प्रकरण मी वाचलं, तर प्रत्येक माणूस दुसऱ्याला वगळूनच निघालेला! व्याकरणाची चूक एकही नव्हती. गाळलेलंही काही नव्हतं. झाडं, फाटे, मैत्रीण सगळं जागच्या जागी. असा मजकूर दुरुस्त करणं हे तो पहिल्यापासून करण्याहून जास्त कष्टाचं आहे, कारण कोणीच न घेतलेले हजार निर्णय आधी शोधून काढावे लागतात. मी तो परत पाठवला. परत पाठवणं ज्यांना परवडत नाही अशा अनुवादकांची संख्या या शहरांत मोठी आहे, आणि ‘मुळाची सर येत नाही’ हे वाक्य त्यांच्याच दराच्या घासाघिशीत वापरलं जातं. नाहीतरी उणंच राहणार, मग यंत्राचं का नको?

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. समीक्षकांनी मुळाशी ओळीला ओळ लावून हरवलेल्या वस्तूंची यादी करणं थांबवावं आणि काय सोडलं, त्यानं काय वाचलं हे तपासावं. बहुभाषिक नियतकालिकांनी, अगदी याच नियतकालिकानंही, अनुवादकाला त्या निर्णयांबद्दल लिहायला अर्धं पान द्यावं; तळटिपांच्या कॅसेटपेक्षा ते वाचकाच्या जास्त उपयोगी पडेल. प्रकाशकांनी ‘हात फिरवणे’ हा दर बंद करावा, कारण त्या नावाचं काम अस्तित्वात नाही. आणि चर्चासत्रातल्या वक्त्यांनी ते वाक्य पुन्हा उच्चारण्याआधी 1989 चा ‘चेस एचक्यू’ एकदा खेळून पाहावा. लॅपटॉपवर चालतो. पहिली गाडी गाठायला साठ सेकंद मिळतात. तेवढ्यात रंगांची आठवण झाली तर मला जरूर कळवावं.