कपाटातील पुस्तके आणि कायद्याचा बडगा

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केले, तेव्हा चर्चेचा सारा रोख ‘शहरी नक्षलवाद’ ह्या शब्दावर राहिला. त्याच विधेयकातील एका तरतुदीकडे मात्र सुशिक्षित समाजाचे जावे तितके लक्ष गेले नाही, असे आम्हांस वाटते. बेकायदेशीर कृत्यांसाठी वापरली जाणारी जागा अधिसूचित करून ताब्यात घेण्याचा अधिकार प्रशासनास देणारी ती तरतूद होय. मूळ मसुद्यातील ‘बेकायदेशीर कृत्या’ची व्याख्या तर उच्चारलेल्या व लिहिलेल्या शब्दांपर्यंत जाऊन भिडणारी होती. तेव्हा प्रश्न केवळ संघटनांचा नाही. दोन कपाटे पुस्तके, एक सतरंजी आणि संध्याकाळी जमणारी पाचपंचवीस माणसे एवढ्याच भांडवलावर चालणाऱ्या चळवळीच्या केंद्रांचाही तो प्रश्न आहे.

अशा जागांचे मोल काय, हे पाहावयाचे तर वाळवा तालुक्याकडे पाहावे. तालुक्याचे ठाणे इस्लामपूर; २०२५ मध्ये राज्य सरकारने त्याचे ईश्वरपूर हे नाव जाहीर केले. आज हा मुलूख उसासाठी आणि सहकारी साखर कारखान्यांसाठी ओळखला जातो. परंतु येथील मातीची पहिली मशागत विचारांनी झाली. महात्मा फुले ह्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचे जलसे पुढे सातारा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत पोहोचले. वाळवा तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. त्या मुशीतून येडेमच्छिंद्रचे नाना पाटील घडले आणि १९४३ ते १९४६ ह्या काळात प्रतिसरकार उभे राहिले. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेले वाटेगावचे अण्णाभाऊ साठे मुंबईच्या कामगार चळवळीत लेखक झाले आणि १९५९ मध्ये त्यांनी ‘फकिरा’ लिहिली. विद्यापीठाने जे केले नाही, ते चाळीतील बैठकीने केले.

ही परंपरा स्वातंत्र्यानंतर खंडित झाली नाही. ह्याच तालुक्यातील कासेगाव येथे पाटणकरांचे घर चळवळीचे आणि अभ्यासाचे ठिकाण राहिले. सत्यशोधक चळवळीच्या अभ्यासासाठी अमेरिकेतून आलेल्या डॉ. गेल ऑम्वेट तेथल्याच होऊन गेल्या. २५ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांचे देहावसानही तेथेच झाले. १९८० मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक मुक्ती दलाने समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह धरला. त्याच विचाराच्या मुक्ती संघर्ष चळवळीतून खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधले. भूमिहीनासही पाण्याचा वाटा असावा, हे तेथले सूत्र होते. ज्या विचाराला सरकारदरबारी ‘जहाल’ म्हणून नाके मुरडली गेली असती, त्याने बंदूक निर्माण केली नाही. बंधारा निर्माण केला.

ह्यावर आक्षेप घेतला जाईल की, प्रतिसरकार तरी कोठे अहिंसक होते? नव्हते, हे खरेच. पण ते परक्या सत्तेविरुद्ध होते, जिला मतपेटीतून हटविण्याचा मार्गच प्रजेस उपलब्ध नव्हता. तो मार्ग खुला होताच क्रांतिसिंह त्या मार्गाने गेले. १९५७ मध्ये सातारा आणि १९६७ मध्ये बीड येथून ते लोकसभेवर निवडून आले. वादविवादाचे दार उघडे असले म्हणजे जहाल मनुष्यही मतदाराच्या दारी येतो, हा त्यातील धडा आहे.

गडचिरोलीच्या अरण्यात सांडलेले रक्त आम्ही विसरलेलो नाही. जो शस्त्रे पुरवितो, घातपाताचा कट रचतो, त्याला शासन झालेच पाहिजे. त्यासाठी १९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा पुरेसा कठोर आहे. तथापि त्या कायद्याखालील भीमा-कोरेगाव प्रकरणात दोन आरोपींना २८ जुलै २०२३ रोजी जामीन देताना सर्वोच्च न्यायालयानेही, केवळ विशिष्ट साहित्य जवळ बाळगणे हा दहशतवादी गुन्हा ठरत नाही, असे स्पष्ट केले. जे बाळगणे गुन्हा नाही, ते चौघांनी मिळून वाचणे गुन्हा कसा ठरेल? आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर २०१३ मध्ये व कॉम्रेड गोविंद पानसरे २०१५ मध्ये गोळ्यांना बळी पडले, ते उघडपणे लिहिणारे आणि सभा घेणारे होते. अशांना संरक्षण देणे हे राज्याचे पहिले कर्तव्य होय.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून आणि प्रत्यक्ष कृत्याच्या पुराव्यावाचून कोणत्याही वाचनाच्या वा सभेच्या जागेस टाळे लागता कामा नये. केंद्रे चालविणाऱ्यांसही आमचे सांगणे आहे. दार उघडे ठेवा, हिशेब फळ्यावर लावा आणि विरोधी मताचे पुस्तकही त्याच कपाटात ठेवा. ज्यास आपल्या विचाराची खात्री आहे, त्याला शेजारच्या पुस्तकाचे भय नसते.

राहिला आमचा वाचक मध्यमवर्ग. ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणून तो ह्या जागांच्या पायऱ्या चढत नाही. त्यामुळे तेथे काय चालते हे त्यास पोलिसांच्या पत्रकावरूनच कळते. ज्या जागेत आपण कधी पाऊल टाकले नाही, तिच्यावर टाळे पडले तर खंत कोणास वाटणार? तेव्हा मत बनविण्यापूर्वी त्याने एकदा तरी तेथे जाऊन बसावे, पुस्तक चाळावे आणि पटले नाही तर तोंडावर तसे सांगावे. लोकशाहीचे संरक्षण ह्याहून स्वस्तात होत नाही.