कारकुनी म्हणे!

वेळणेश्वरला हवापालटासाठी आलेले एक विद्वान गृहस्थ जाता जाता आम्हांला विज्ञान शिकवून गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. खरा शास्त्रज्ञ म्हणजे प्रतिभेची वीज. ती चमकते आणि शोध लागतो. हल्लीचे संशोधक मात्र पुळणीवर अंडी मोजतात, कासवाला बिल्ला ठोकतात, वह्या भरतात. ही निव्वळ कारकुनी. बरं, त्यांना जे कळतं ते खारव्या-कोळ्यांना आधीच ठाऊक असतं. आणि पैसा सरकारचा.

पैशाचं आधी उरकतो. गृहस्थ ज्या रस्त्याने इथवर आले, तोही सरकारी पैशातलाच.

विजेवर आम्हां कोकण्यांचंही फार प्रेम. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने इथून ग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. हा वाद मी अनेकदा घातलाय आणि दर वेळी कुणीतरी रुसलंय. लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होता. ते ग्रहण पाहिलं फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने, आणि तेही गुंटूरला. लॉकियरने ऑक्टोबरात, ग्रहणाशिवायच, सूर्याच्या कडेचा वर्णपट तपासला. विजयदुर्गाला तो आला तो १८९८च्या ग्रहणाला. त्या वर्णपटातल्या पिवळ्या रेषेचं मूलद्रव्य, म्हणजे हेलियम, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेला पृथ्वीवरच्या खनिजात सापडलं १८९५मध्ये. मधली सत्तावीस वर्षं गेली शंका, भांडणं आणि मोजमापांत. एवढा वेळ चमकत राहणारी वीज मी तरी पाहिलेली नाही.

आता कारकुनी. मार्च २०२१मध्ये ओडिशात गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या माणसांनी एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पुढच्या परावर धातूचा टॅग बसवला. आकडा ०३२३३. तिथे हजारोंनी कासवं चढतात. एकीला टॅग लावायचा, वहीत ओळ लिहायची, पुढचीकडे वळायचं. बहुतेक ओळींचं पुढे काहीही होत नाही. जानेवारी २०२५मध्ये हीच मादी आमच्या तालुक्याच्या गावी, गुहागरच्या पुळणीवर, अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी, ही चालत आलेली समजूत त्या पाच आकड्यांनी हलवली. ओडिशातल्या कुणीतरी ती ओळ ‘कारकुनी’ म्हणून टाळली असती, तर गुहागरला दिसलं असतं फक्त एक कासव. दिसण्याला अर्थ आला तो वहीमुळे. प्रतिभा म्हणायचीच असेल तर ती इथे शोधा: चार वर्षांनी काय विचारलं जाईल हे माहीत नसताना आज आकडा नीट लिहिणं. गृहस्थांनी हे कधी करून पाहावं. रात्री दोनला, बॅटरी हातात, वाळू डोळ्यांत.

आणि आकडा मिळाल्यावर हे लोक नाचत सुटत नाहीत, हेही पाहा. एका कासवावरून किती बोलायचं, याचंच भांडण आधी. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी २०२३मध्ये गुहागरला उपग्रह टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. म्हणजे एक इकडून तिकडे, एक तिकडून इकडे. आपल्यासारख्याने एवढ्यावर व्याख्यान ठोकलं असतं. त्यांना हव्या आणखी नोंदी, आणखी कासवं. टॅगचा संदेश थांबला तर ‘कासव मेलं’ असंही ते म्हणत नाहीत. यंत्र गळून पडलं असेल, बॅटरी संपली असेल.

कोळ्यांचं ज्ञान? कासव कुठे चढतं हे त्यांनीच दाखवलं, निर्विवाद. गहिरमाथ्याची ओळ मात्र कुठल्याही होडीत नव्हती.

मग शास्त्रज्ञ नेमका विचार कसा करतो? मला दिसतं तेवढं सांगतो. तो स्वतःच्या सत्कृत्यावरही संशय घेतो. कोल्ही-कुत्री अंडी खातात, भरती घरटी बुडवते, म्हणून अंडी उचलून हॅचरीत पुरतात. वेळासला २००२पासून हेच काम चाललंय. कोण त्याला नाव ठेवील? पण वाळू जास्त तापली तर माद्या निपजतात, थंड राहिली तर नर. मग हलवलेल्या घरट्याची वाळू मूळच्याइतकीच तापते ना, सावली कमी पडते का, हे तापमापक पुरून रोज पाहावं लागतं. ते पाहिल्याखेरीज आपण कासवं वाचवतोय की नुसत्या माद्या उबवतोय, हे कुणालाच सांगता यायचं नाही.